राज्यपालांच्या पत्रांच्या फायली कशा लावायच्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात एका माजी राज्यपालांच्या पत्रव्यवहाराची ४६ खोकी पडलीयेत. कोणाची ते विचारू नका, घरच्यांना तसा शब्द दिलाय. मदतीला येणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्या दोन तासांत तेच ते प्रश्न विचारतो, मी तीच ती उत्तरं देते आणि चहा थंड होतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

सरळ तारखेप्रमाणे लावून टाकली तर नाही का चालणार?

नाही चालणार. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीलाही चिकटवलंय, तरी विचारतातच.

आणि मी हे शहाणपणाने सांगत नाहीये, पहिलं खोकं मी स्वतः तारखेने लावलं होतं. दोन संध्याकाळी बसून, जानेवारी ते डिसेंबर, काय सुरेख दिसत होतं म्हणून सांगू. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खोक्यात बारनिशी सापडली, म्हणजे आवक-जावकचं रजिस्टर, आणि मग कळलं मी काय करून ठेवलंय. त्या खोक्यात "विद्यापीठ, तक्रारी" अशी एक फाईल होती, तिच्यात एका प्राध्यापकाचं तक्रारीचं पत्र, त्यावर ऑफिसची टिपणी, मग कुलगुरूंना गेलेलं पत्र, चार महिन्यांनी आलेलं त्यांचं गुळमुळीत उत्तर आणि शेवटी पेपरचं एक कात्रण, असं सगळं एका लेसमध्ये, म्हणजे फाईलच्या दोरीत, ओवलेलं होतं. मी तारखेने लावल्यावर ती तक्रार गेली दोन लग्नपत्रिकांच्या मध्ये आणि कुलगुरूंचं उत्तर जाऊन बसलं दिवाळीच्या शुभेच्छांत. वर टाचण्याही काढून डब्यात टाकल्या होत्या, त्यामुळे कशाला काय जोडलेलं होतं तेही गेलं. परत लावायला आठ दिवस लागले आणि तीन पत्रांना अजून घर मिळालेलं नाही. ती "मूळ जागा माहीत नाही" अशा वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत आणि हे कोणामुळे झालं तेही आत लिहून ठेवलंय.

या कामातले नियम तसे दोनच. एका ऑफिसचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, आणि त्या ऑफिसने जसे लावले होते तसेच ठेवायचे. तारखेने शोधायचं असेल तर ते काम यादीत होतं, एक्सेलमध्ये तारखेच्या कॉलमवर क्लिक करा, दोन सेकंद लागतात. त्यासाठी कागद हलवायची गरज नाही.

पण आमच्याकडे तर फायली विस्कटलेल्याच आल्यात. मग मूळ क्रम कुठून आणायचा?

आधी हात लावू नका. खोकं उघडलं की वरून फोटो, खोक्याला नंबर, आणि वरपासून खालपर्यंत काय आहे ते साध्या पेन्सिलीने वहीत. हे झाल्याशिवाय एकही कागद बाहेर काढायचा नाही.

मग खुणा शोधायच्या. कव्हरवरचा फाईल नंबर बारनिशीत सापडला तर निम्मं काम झालं. नाही सापडला तर कागदच बोलतात. टाचणीचा गंज मागच्या कागदावर उमटतो, दोन कागदांवरचे डाग एकमेकांवर ठेवून बघा, बरोब्बर जुळले तर ते वर्षानुवर्षं एकत्र होते. लेसच्या भोकांमधलं अंतर बघा, पंच बदलला की अंतर बदलतं. एका कडेला सारखीच वाळवी लागलेली असेल तर ते शेजारी होते, वाळवीला खोटं बोलता येत नाही.

आमच्या संग्रहात प्रत्येक पत्राच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीची टिक होती, काही निळ्या, काही लाल. आम्ही तीन आठवडे वाद घातला. कोणी म्हणे लाल म्हणजे अर्जंट, कोणी म्हणे मुख्यमंत्र्यांकडून आलेलं. शेवटी त्यांच्या जुन्या पीएंचा नंबर मिळाला, काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, मुलाकडे असतात. फोनवर हसले आणि म्हणाले, "अहो ताई, निळी म्हणजे साहेबांनी स्वतः वाचलं, लाल म्हणजे उत्तर मी लिहिलं, साहेबांची फक्त सही." आता सांगा, उद्या कोणी अभ्यासक येऊन "राज्यपालांनी या प्रश्नावर अतिशय कळकळीने लिहिलंय" असं छापणार, आणि ती कळकळ असणार पीए काकांची! त्या दिवसापासून आमच्या यादीत टिकेच्या रंगाचा एक कॉलम आहे. तुमच्याकडे जुने पीए, टायपिस्ट, शिपाई कोणी हयात असतील तर आजच फोन करा, कागद थांबतील.

राज्यपालांना पत्रं येऊन येऊन कसली येणार? ते तर फक्त सह्या करतात ना?

असं वाटणारे खूप आहेत. फायली बघितल्या की मत बदलतं.

राज्यपाल विद्यापीठांचे कुलपती असतात, त्यामुळे कुलगुरू नेमणुका, निकालाचे घोळ, प्राध्यापकांची भांडणं हा एक भलामोठा भाग, आणि खरं सांगू तर सगळ्यात मसालेदारही तोच. मग विधेयकं, अनुच्छेद २०० खाली संमती द्यायची की परत पाठवायची की राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायचं. अनुच्छेद १६१ खाली शिक्षामाफीचे अर्ज. अनुच्छेद १६७ मुळे मुख्यमंत्र्यांनी राज्यपालांना कारभाराची माहिती देणं बंधनकारक आहे, त्यातून होणारी पत्रापत्री. राष्ट्रपतींना जाणारे नियमित अहवाल वेगळे. ब्रिटिश काळात प्रांताचे गव्हर्नर व्हाइसरॉयला दर पंधरवड्याला रिपोर्ट पाठवायचे, ती सवय तिथून आलेली. आपल्या बाजूला जव्हार, मोखाडा, तलासरी हा अनुसूचित क्षेत्राचा पट्टा आहे, पाचव्या अनुसूचीप्रमाणे अशा भागाच्या कारभारावर राज्यपालांनी राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा असतो, त्याची वेगळी फाईल असायला हवी.

आणि राष्ट्रपती राजवट लागली की ऑफिसचं रूपच पालटतं. महाराष्ट्रात ती तीनदा लागली, १९८० मध्ये फेब्रुवारी ते जून, २०१४ मध्ये २८ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर आणि २०१९ मध्ये १२ ते २३ नोव्हेंबर. एरवी मंत्र्यांकडे जाणारे कागद त्या दिवसांत राज्यपालांच्या ऑफिसकडे वळतात. त्यामुळे एखाद्या वर्षी फायली अचानक फुगलेल्या दिसल्या तर डबल कॉपी समजून फेकू नका, आधी कॅलेंडर बघा.

बाकी मग निमंत्रणं, शुभेच्छा, दौऱ्याचे कार्यक्रम, सत्काराची आमंत्रणं. हे ठेवायचं, पण त्यावर जीव टाकायचा नाही. एका फोल्डरला एक ओळ वर्णन पुरे.

घरी सापडलेली फाईल घरच्यांची की सरकारची?

इथे लोक बिचकतात आणि बिचकायलाच पाहिजे. पदावर असताना सरकारी कामासाठी तयार झालेला कागद हा सार्वजनिक अभिलेख, मग तो नौपाड्यातल्या कपाटात सापडो नाहीतर गावच्या माळ्यावर. केंद्राचा कायदा १९९३ चा आहे, महाराष्ट्राचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात असा अभिलेख बेकायदा नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं आहे. बायकोला लिहिलेलं पत्र, मित्राचं खुशालीचं पत्र हे खासगी. खासगी कागद अभिलेखागाराला दान देता येतात, त्यात काही अडचण नाही.

गोची होते ती अर्धशासकीय पत्रांची. वर "प्रिय अमुकराव", खाली हाताने "आपला", मजकूर मात्र पूर्ण सरकारी. घरचे म्हणतात हे तर दोस्ताचं पत्र. मी एकच प्रश्न विचारते, हे गृहस्थ त्या खुर्चीवर नसते तर हे पत्र त्यांना आलं असतं का? नसतं, तर ते खुर्चीचं पत्र. आमच्या ४६ पैकी ११ खोकी अशीच वेगळी निघाली आणि त्याबद्दल संबंधित राज्याला रीतसर लिहिलंय.

सामान्य लोकांची निवेदनं ठेवायची का? सगळी सारखीच तर असतात.

ठेवायची. यावर माझं कोणाशीच पटत नाही पण मी हटणार नाही.

मोठ्या माणसांची पत्रं दुसरीकडेही मिळतात, त्यांच्या कार्बन कॉपी असतात, त्यांची चरित्रं निघतात. गावच्या बाईने राज्यपालांना लिहिलेलं पत्र जगात एकच असतं. नवी मुंबईचंच घ्या. ते शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन गेली, जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, मग पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे सगळं पुस्तकात मिळेल. पण अशा काळात गावातला माणूस सर्वात वरच्या माणसाला काय म्हणून हाक मारतो, "मायबाप सरकार" लिहितो की कलम लिहितो, स्वतः लिहितो की गावच्या मास्तरांकडून लिहून घेतो, ते फक्त निवेदनात दिसतं. अंगठ्यांचे ठसे मोजा. शंभर निवेदनांवर एकच अक्षर दिसलं तर तीही माहितीच आहे, त्या गावात एक अर्ज लिहून देणारा होता.

छापील, फक्त सही बदललेली हजार निवेदनं असतील तर मात्र मीही मऊ होते. आकडा नोंदवा, गावांची यादी करा, काही नमुने नीट ठेवा आणि उरलेल्यांचा निर्णय लेखी मंजुरीनेच. आपल्या मनाने रद्दीवाल्याला काही द्यायचं नाही.

पत्रावर तारीखच नाही. अंदाज कसा बांधायचा?

हा माझा आवडता खेळ. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. "नये पैसे" लिहिलं असेल तर बहुतेक १९५७ ते १९६४. जिल्हा कुलाबा असेल तर साधारण १९८१ च्या आधीचं, त्यानंतर रायगड झाला, पण म्हातारी माणसं पुढेही कुलाबाच लिहायची त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नका. जिल्हा पालघर लिहिलंय तर १ ऑगस्ट २०१४ नंतरचं. तार असेल तर जुलै २०१३ च्या आधीची, मग ती बंदच झाली.

नुसतं "मा. राज्यपाल" लिहिलेलं असलं तर जपून. १९६२ या एकाच वर्षात महाराष्ट्राने श्रीप्रकाश, पी. सुब्बरायन आणि विजयालक्ष्मी पंडित असे तीन राज्यपाल बघितले. वर्ष कळलं म्हणून माणूस कळला असं होत नाही.

अंदाजाची तारीख चौकटी कंसात लिहायची आणि अंदाज कशावरून बांधला तेही. आणि पाकिटं टाकू नका हो. पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो. पहिल्या महिन्यात आमच्याकडच्या एकाने दीडशे पाकिटं कचरा म्हणून बांधून ठेवली होती, सफाईवाल्या मावशींनी विचारलं म्हणून वाचली.

टाचण्या, स्टेपल, सेलोटेप यांचं काय करायचं?

काय कशाला जोडलं होतं ते आधी लिहा, मग काढा. गंजलेली टाचणी ओढायची नाही, दोन्ही बाजूंना पातळ प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून हळूच. सेलोटेपला हात लावायचा नाही, ते जाणकार माणसाचं काम आहे. फाटलेल्याला गव्हाची खळ आणि जपानी टिश्यू, बस. फेव्हिकॉल नाही.

लॅमिनेट केलं तर टिकेल ना?

नाही. मरेल.

एका फाईलमधले काही कागद पूर्ण कोरे आहेत, काढून टाकू?

थांबा! नव्वदच्या दशकातले असतील तर ते बहुधा फॅक्स आहेत. फॅक्सचा तो गुळगुळीत कागद उष्णतेने छापलेला असतो, काही वर्षांत अक्षरं उडून जातात. तिरपा उजेड टाकून बघा, कधीकधी पुसट रेघा दिसतात, मग स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवा. अजून वाचता येत असतील ते फॅक्स सगळ्यात आधी स्कॅन करायचे, १९४७ च्या पत्राच्याही आधी. जुना चिंधीचा कागद शंभर वर्षं मजेत राहतो, घाई या १९९५ वाल्यांची असते.

पावसाळ्यात काय करता? आमच्याकडे तर भिंतींना पाणी सुटतं.

ठाण्यातल्या जुलैबद्दल काय बोलायचं. कागदाला साधारण २० ते २५ अंश आणि ४५ ते ५५ टक्के दमटपणा लागतो, आमच्या गाळ्यातला मीटर पावसात ८५ च्या खाली यायला तयार नसतो. दिवसा एसी आणि रात्री बंद हे सगळ्यात वाईट, कागद रोज फुगतो आणि रोज आकसतो. त्यापेक्षा पंखा, डिह्युमिडिफायर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवलेले रॅक परवडले. सगळ्यात खालचा खण रिकामा ठेवायचा, ज्यांनी २६ जुलै २००५ बघितलाय त्यांना कारण सांगावं लागत नाही.

कसरीसाठी आमच्या आज्या वेखंडाची पुरचुंडी ठेवायच्या, ती मीही ठेवते, कागदाला न लागेल अशी. डांबरगोळ्या बंद खोलीत नकोत, दिवसभर तिथे माणसं बसतात. नवीन आलेलं प्रत्येक खोकं आधी वेगळ्या खोलीत, निदान पंधरा दिवस, खाली पांढरा कागद अंथरून. कागदावर बारीक भुसा पडला की समजायचं पाहुणे आलेत.

आणि भिजलेच तर?

दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे पंचनामा नंतर. थोडेच असतील तर ब्लॉटिंग पेपरमध्ये ठेवून पंख्याखाली, उन्हात नाही, इस्त्री तर अजिबात नाही. खूप असतील तर गोठवून टाका. खरंच सांगतेय, गोठवलं की बुरशी जागच्या जागी थांबते आणि मग एकेक गठ्ठा निवांत सुकवता येतो. तुर्भे-एपीएमसीच्या बाजूला कोल्ड स्टोरेज आहेत, पण फळांचा साधा थंड खण उपयोगाचा नाही, शून्याखाली अठरा-वीस अंश जाणारा पाहिजे. नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, पाणी गुडघ्याला लागल्यावर नेटवर्क नसतं.

यादी मराठीत करायची की इंग्रजीत?

वर्णन मराठीत, नावं मात्र पत्रात जशी आहेत तशी आणि शेजारच्या कॉलममध्ये आजचं रूप. ठाणा, थाना, ठाणे, तिन्ही एकाच गावचे. "मुंबई राज्य" हे १ मे १९६० च्या आधीच्या पत्रात दुरुस्त करून "महाराष्ट्र" करायचं नाही, आमच्या एका उत्साही मुलाने तसं फाइंड-रिप्लेस केलं होतं, चारशे ओळींत!

"गोपनीय" शिक्का असलेलं पत्र वाचलं तर चालतं का?

वर्णन करण्यापुरतं वाचायचं, दाखवायचं की नाही तो निर्णय अभिलेखागाराचा. माहिती अधिकार कायद्यात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद असे अपवाद सोडून, द्यावी लागते. म्हणजे शिक्का हा कायमचा कुलूपबंद दरवाजा नाही. मला शिक्क्यापेक्षा बिनशिक्क्याच्या कागदांची जास्त काळजी वाटते. शिक्षामाफीच्या अर्जात कैद्याच्या आईने घरातलं सगळं लिहिलेलं असतं, मुलीचं नाव, आजार, कर्ज. त्यावर कोणी गोपनीय मारलेलं नसतं. असे कागद वेगळी खूण करून बाजूला.

त्याच कारणासाठी, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही. स्टेटसला पण नाही.

स्कॅन झाल्यावर मूळ कागद कशाला सांभाळायचे?

निळी आणि लाल टिक आठवते ना? आधी कोणीतरी यातली सहा खोकी ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन करून दिली होती. त्यात दोन्ही टिका काळ्या.

म्हणून स्कॅन रंगीत, निदान ३०० डीपीआय, पाठकोरी बाजूसकट, आणि फाईलचं नाव खोकं-फोल्डर-पान अशा आकड्यांचं. "नवीन फायनल २" असलं नाव दिसलं तर त्या दिवशीचा वडापाव तुमच्या खिशातून.

मोडी येत नाही, मदतीला येऊ शकतो का?

या की. मोडी पेशवे दफ्तरातल्या रुमालांना, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या गठ्ठ्यांना, लागते, आमच्याकडे इंग्रजी, मराठी, हिंदी आणि डॉक्टरांपेक्षा वाईट अक्षर आहे. हातमोजे आणू नका, कागदाला स्वच्छ कोरडे हात बरे, मोजे फक्त फोटोंसाठी. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल आम्ही देतो. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला शेअर रिक्षा मिळते, वागळे डेपोला उतरा आणि फोन करा, गल्ली सापडत नाही कोणालाच. शनिवारी सकाळी दहाला या, सध्या २९ नंबरचं खोकं चालू आहे.